डॉक्टर किती बोलतात, किती ऐकतात?

रक्त, लघवी, एक्स-रे या सगळ्याआधी डॉक्टरच्या हाती येते ती रुग्णाने सांगितलेली हकीकत. ती अर्धवट राहिली, तर निदानही चुकू शकते. म्हणूनच अमेरिकेतील काही पाहण्यांची माहिती वाचकांना द्यावी, असे मला वाटले.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाल्टिमोर-वॉशिंग्टन परिसरातील ६१ डॉक्टर आणि त्यांचे ४५८ गोरे व कृष्णवर्णीय रुग्ण यांचे संभाषण ध्वनिमुद्रित करण्यात आले. रुग्ण कृष्णवर्णीय असला की संभाषणात डॉक्टरांचा वरचष्मा २३ टक्क्यांनी जास्त आढळला आणि रुग्णाच्या शंका व भावनांना मिळालेला वाव ३३ टक्क्यांनी कमी.

भेदभाव म्हटला की आपल्याला अपमान आठवतो. येथे अपमानाची गरजच नाही. ऐकणे कमी झाले की पुरे. शब्द गोड असूनही हे घडते. २०१६ साली पिट्सबर्गच्या संशोधकांनी अत्यवस्थ रुग्णाची भूमिका गोऱ्या व कृष्णवर्णीय नटांना दिली. डॉक्टर दोघांशी जवळजवळ सारखेच बोलले. मात्र खाटेजवळ उभे राहणे, धीराचा हात ठेवणे, हे गोऱ्या रुग्णाच्या वाट्याला अधिक आले.

मुळाशी खोट्या समजुतीही असतात. त्याच वर्षी व्हर्जिनिया विद्यापीठातील अभ्यासात २२२ गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थी व निवासी डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांनी ‘कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते’ अशांपैकी एखादी तरी समजूत खरी मानली. असे मानणाऱ्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदना कमी लेखल्या आणि उपचारही कमी अचूक सुचवले. म्हणजे मनातल्या समजुतीची किंमत रुग्णाच्या शरीराने मोजायची!

वाचक म्हणतील, हे अमेरिकेचे झाले, आमचे काय? माणसाकडे पाहताक्षणी मनात ग्रह होणे, ही काही एका देशाची मिरास नव्हे. आपल्याकडे रुग्णाचे कपडे, बोली, जात, शिक्षण यांवरून तो होऊ शकतो.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे : रुग्णाचे पहिले वाक्य पूर्ण होऊ द्या. आणि वाचकहो, दवाखान्यात जाताना आपल्या तक्रारी कागदावर लिहून न्या. निघण्यापूर्वी औषध कसे घ्यायचे ते आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगा, आणि “मला समजले ते बरोबर आहे ना?” असे निःसंकोच विचारा. विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तो उपचाराचाच भाग आहे.