परिषदेला जाताना अडलेली फाइल सोबत घ्या

नोव्हेंबर १९८२मध्ये लास वेगासच्या कॉमडेक्स या संगणक प्रदर्शनात ऑटोकॅड पहिल्यांदा लोकांसमोर आलं. तेव्हा ऑटोडेस्क कंपनीला वर्षही झालं नव्हतं. संगणकावर ड्रॉइंग काढण्याचं काम तोवर मोठ्या, महागड्या यंत्रांवर चालायचं. ते टेबलावरच्या संगणकावरही होतं, हे लोकांनी तिथं समोर उभं राहून पाहिलं, प्रश्न विचारले, शंका काढल्या. १९९३पासून ही कंपनी ‘ऑटोडेस्क युनिव्हर्सिटी’ नावाची परिषद भरवते. वापरणारे तिला नुसतं ‘एयू’ म्हणतात. अनेक वर्षं ती लास वेगासला भरायची. २०२२मध्ये ती न्यू ऑर्लिन्सला गेली, २०२३मध्ये परत वेगासला आली, २०२४मध्ये सॅन दिएगोला आणि २०२५मध्ये नॅशव्हिलला झाली. तीन दिवस, शेकडो सेशन्स आणि दहा हजारांच्या आसपास माणसं, असा तिचा पसारा असतो.

पुण्या-मुंबईतल्या आर्किटेक्टांच्या, स्ट्रक्चरल कन्सल्टंटांच्या आणि टूल डिझाइनच्या ऑफिसांतून तिथं जाणारी माणसं आता नवलाईची राहिलेली नाहीत. तरीही अशा परिषदेतून काय मिळतं आणि काय मिळत नाही, याबद्दल आपल्याकडे बरेच चुकीचे समज आहेत. त्यापायी ऑफिसचा पैसा आणि माणसाचे तीन मोलाचे दिवस वाया जातात. इतर डिझाइन सॉफ्टवेअरच्या परिषदांनाही यातलं बरंचसं लागू पडतं, पण उदाहरण म्हणून मी एयूच घेतो.

‘जितकी जास्त सेशन्स, तितका पैसा वसूल’

सर्वात महाग पडणारा समज हाच. सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत एका सभागृहातून दुसऱ्यात पळायचं, वही भरून काढायची, आणि तिसऱ्या दिवशी कुठलं कोणी सांगितलं तेही आठवत नाही.

वस्तुस्थिती अशी, की एयूमधली बरीचशी व्याख्यानं नंतर कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. अनेकांचे व्हिडिओ असतात, आणि वक्त्याने लिहिलेली टिपणं पीडीएफमध्ये मिळतात. त्यातली काही टिपणं तर छोट्या पुस्तिकेएवढी सविस्तर असतात: कुठलं बटण, कुठलं सेटिंग, कुठे गफलत होते, सगळं पायरीपायरीने दिलेलं असतं. मागच्या वर्षांचं साहित्यही शोधता येतं. जे घरी बसून निवांत, थांबवत-थांबवत पाहता येणार आहे, त्यासाठी सातासमुद्रापार जाऊन खुर्ची अडवण्यात काय हशील?

रेकॉर्डिंगमध्ये न मिळणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. हँड्स-ऑन लॅबमध्ये तुमच्यासमोर संगणक असतो आणि अडलात तर मदतनीस शेजारी येऊन उभा राहतो. राउंडटेबलमध्ये एकाच प्रकारचं काम करणारी माणसं टेबलाभोवती बसून बोलतात. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये सॉफ्टवेअर बनवणारी माणसं स्वतः उभी असतात. दिवस आखताना आधी या गोष्टी बसवा, उरलेल्या फटींत व्याख्यानं घाला. लॅबच्या जागा मोजक्या असतात आणि नोंदणी उघडली की लवकर भरतात, त्यामुळे ती तारीख पास घेतानाच लिहून ठेवायची. दिवसाला दोन-तीन व्याख्यानं पुष्कळ झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

जेट लॅगचाही हिशोब ठेवा. ऑक्टोबरमध्ये सॅन दिएगोत दुपारचे तीन वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. त्या वेळेला अवघड लॅब घेतली तर डोळे उघडे आणि डोकं बंद, अशी अवस्था होते. पहिल्या दिवशी तरी मेहनतीचं काम सकाळी घ्या.

‘तिथं गेलं की आपले प्रश्न आपोआप सुटतात’

नाही सुटत. ‘आमचं मॉडेल फार स्लो चालतं हो’ एवढंच सांगितलं, तर जगातला सर्वात हुशार माणूसही मान डोलावण्यापलीकडे काही करू शकत नाही. तीच फाइल लॅपटॉपवर उघडून दाखवली, तर दहा मिनिटांत उत्तर मिळू शकतं. म्हणून परिषदेची खरी तयारी दीड-दोन महिने आधी ऑफिसातच सुरू होते. टीमला विचारायचं: गेल्या वर्षभरात आपला सर्वात जास्त वेळ कशाने खाल्ला? येतील त्यातले तीन-चारच प्रश्न निवडायचे.

मग प्रत्येक प्रश्नासाठी एक लहान फाइल करायची. सबंध प्रकल्प न्यायचा नाही, बिघाड दिसेल तेवढाच तुकडा न्यायचा. ऑटोकॅडमध्ये एक्सरेफ, फॉन्ट, प्लॉट स्टाइल असं सगळं सोबत यावं म्हणून ‘ई-ट्रान्समिट’ वापरावं, नाहीतर ऐन वेळी निम्मं ड्रॉइंग गायब असतं. सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि अपडेटचा क्रमांक टिपून ठेवावा, कारण पहिला प्रश्न तोच येतो. बिघाड दर वेळी होत नसेल तर तो होतानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवावं. आपण आतापर्यंत काय काय करून पाहिलं, तेही दोन ओळींत लिहावं.

एक नेहमीचं उदाहरण देतो. बाहेरून आलेला सर्व्हे आपल्या ड्रॉइंगमध्ये जोडला आणि फाइल एकदम फुगली. स्क्रीनवर तर मोजक्याच रेघा दिसतात. पर्ज करूनही फरक पडत नाही. अशा वेळी दोष बऱ्याचदा नोंदणीकृत अॅप्लिकेशन नावांच्या साचलेल्या ढिगाऱ्याचा असतो. ती साफ करायला कमांड लाइनवर पर्जच्या आधी वजाचिन्ह देऊन त्यातला ‘रेगअॅप्स’ हा पर्याय घ्यावा लागतो. किंवा कधीकाळी डीजीएन फाइल आयात झालेली असते आणि तिच्या लाइनस्टाइल्सचा कचरा एका ड्रॉइंगमधून दुसऱ्यात कॉपी होत राहतो. अनुभवी माणूस फाइल पाहताच हे ओळखतो. ऐकीव वर्णनावरून त्याला ते ओळखता येत नाही.

क्लायंटची गोपनीयता मात्र काटेकोरपणे सांभाळायला हवी. टायटल ब्लॉकमधली नावं, प्रकल्पाचा पत्ता, साइटची खरी स्थाननिश्चिती हे सगळं काढून टाकलेली प्रत न्यायची. परवानगीशिवाय क्लायंटचं ड्रॉइंग परक्या माणसाला दाखवणं हा विश्वासघात आहे, मग ते कितीही चांगल्या हेतूने असो.

‘कीनोटमध्ये दाखवलं म्हणजे पुढच्या आवृत्तीत येणार’

मोठा पडदा, संगीत, टाळ्या, आणि तीन तासांचं काम तीन सेकंदांत होताना दिसतं. साहेब तिथूनच ऑफिसला मेसेज करतात: नव्या लायसन्सची खरेदी थांबवा, नवीन येतंय.

भविष्यातल्या योजनांबद्दलच्या सेशनची सुरुवात बारीक अक्षरांच्या एका स्लाइडने होते. तिला ‘सेफ हार्बर’ निवेदन म्हणतात. ऑटोडेस्क ही नॅसडॅकवर नोंदलेली कंपनी आहे, त्यामुळे पुढच्या योजना सांगताना त्या बदलू शकतात हे तिला बजावावं लागतं. आज दाखवलेल्या गोष्टी येतीलच असं वचन नाही आणि त्यांच्या भरवशावर खरेदीचा निर्णय घेऊ नका, असं त्या स्लाइडवर साध्या शब्दांत लिहिलेलं असतं. लोक त्या वेळी पाण्याची बाटली शोधत असतात. माझ्या मते खरेदीचा अधिकार ज्याच्या हातात आहे त्याने ती स्लाइड शब्दन् शब्द वाचावी.

ऑटोडेस्कच्याच फोर्मा या सॉफ्टवेअरची वाटचाल पाहा. क्लाउडवर चालणाऱ्या नव्या इमारत-डिझाइन साधनांबद्दल कंपनी २०१६च्या सुमारास ‘प्रोजेक्ट क्वांटम’ या नावाने बोलू लागली. पुढे नाव बदललं, दिशा बदलली. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने नॉर्वेतली स्पेसमेकर ही कंपनी २४ कोटी डॉलरला विकत घ्यायचं जाहीर केलं. २०२२मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या व्यासपीठावरून फोर्मा हे नाव पुढे आलं. लोकांच्या हातात पहिली आवृत्ती पडली ती मे २०२३मध्ये. तीही प्लॉटवर इमारतींची मांडणी कशी करावी, ऊन-वारा-आवाज यांचा परिणाम काय होईल, अशा सुरुवातीच्या टप्प्यापुरती होती. वर्किंग ड्रॉइंगसाठी कंपनीचं जुनं रेव्हिटच लागत होतं. यात कोणी फसवणूक केली असं मी म्हणत नाही. एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअरची वाट अशीच वळणावळणाची असते. पण २०१६मध्ये टाळ्या वाजवून आलेल्या माणसाने त्यावर ऑफिसची आखणी केली असती तर सात वर्षं थांबावं लागलं असतं.

कीनोट जरूर पाहा, वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते कळतं. नंतर रोडमॅपच्या सेशनला किंवा हॉलमध्ये त्या प्रॉडक्टच्या माणसाला गाठून विचारा: हे आज बीटामध्ये वापरता येतं का, आणि आमच्या लायसन्समध्ये येणार की वेगळे पैसे पडणार? या दोन उत्तरांवर निर्णय घ्यावा.

‘तिकडचे नियम वेगळे, आपल्या काय उपयोगाचं?’

नियम वेगळे आहेत हे खरं. आपल्याकडे २०२०च्या डिसेंबरपासून महाराष्ट्राच्या बहुतांश भागात यूडीसीपीआर ही विकास नियमावली लागू आहे, काँक्रीटचं डिझाइन आयएस ४५६प्रमाणे होतं, आणि अनेक महापालिकांत नकाशा ऑटोडीसीआरमधून तपासला जातो. पुण्यातच तयार झालेली ही प्रणाली लेयरची ठरावीक नावं मागते. त्याबद्दल एयूमध्ये कोणी बोलणार नाही.

पण सेशन इमारतीच्या प्रकारावरून किंवा देशावरून निवडलं की ही अडचण वाटते. ते कामाच्या पद्धतीवरून निवडा. आपल्या ऑफिसचे लेयर दुसऱ्याच्या ठरावीक नावांत बसवणं हे काम अमेरिकेतलं ऑफिसही करतं, त्यांना ते तिथल्या सरकारी खात्यासाठी करावं लागतं. ऑटोकॅडच्या ‘लेट्रान्स’ कमांडने ही जोडी एकदा लावून फाइलमध्ये साठवता येते आणि पुढच्या ड्रॉइंगला तीच वापरता येते. ज्या ऑफिसात एक मुलगी दर सबमिशनच्या आदल्या रात्री हाताने लेयर बदलत बसते, तिथं एवढी एक गोष्ट नेली तरी मोठं काम झालं. रेव्हिटमधल्या डायनॅमोने शेकडो शीट्सची नावं एकदम बदलणं किंवा दारं-खिडक्यांची शेड्यूल तपासणं, यालाही देशाची सीमा नाही.

अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. लॅबमध्ये दिलेल्या सरावाच्या फाइल्स बऱ्याचदा फूट-इंचांत असतात. शिवाय रेव्हिटची नव्या आवृत्तीतली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही आणि जुन्या स्वरूपात साठवताही येत नाही. ऑटोकॅडला जुन्या फॉरमॅटमध्ये साठवण्याची सोय आहे, रेव्हिटला नाही. तुमचं ऑफिस दोन आवृत्त्या मागे असेल, तर आणलेल्या फाइल्स तशाच पडून राहतील. कुठल्या आवृत्तीत शिकवणार आहेत ते आधी पाहा.

‘व्यासपीठावर सगळे कंपनीचेच, आणि कंपनी आपलं ऐकत नाही’

पहिला भाग चुकीचा आहे. बहुतेक वक्ते हे सॉफ्टवेअर वापरणारेच असतात: कुठल्या तरी ऑफिसचे बिम मॅनेजर, इंजिनिअर, प्राध्यापक. परिषदेच्या कित्येक महिने आधी प्रस्ताव मागवले जातात आणि निवड झालेल्या वक्त्याला पास मोफत मिळतो. पुण्यातली कित्येक ऑफिसं अमेरिका-युरोपातल्या प्रकल्पांची बिम मॉडेलं तयार करतात. रात्रीत मॉडेल इकडून तिकडे सोपवताना चुका कशा टाळायच्या, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असेल? त्यांनी प्रस्ताव पाठवावेत, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या भागात थोडं तथ्य आहे. जुलै २०२०मध्ये ब्रिटनमधल्या आर्किटेक्टांच्या एका गटाने, त्यात झाहा हदीद आर्किटेक्ट्ससारखं ऑफिसही होतं, रेव्हिटची संथ प्रगती आणि वाढता खर्च याबद्दल कंपनीच्या प्रमुखांना उघड पत्र लिहिलं. आर्किटेक्टांसाठीच्या सुधारणा हव्या त्या वेगाने झाल्या नाहीत, हे कंपनीला मान्य करावं लागलं. म्हणजे ऐकलं जातं, पण नेमकं बोललं तर आणि अनेकांनी मिळून बोललं तर. परिषदेत वापरकर्त्यांची मतं घेणारी छोटी सत्रं असतात. तिथं गोपनीयतेच्या करारावर सही करून, अजून बाहेर न आलेली गोष्ट हाताळायला मिळते. कीनोटपेक्षा तिथला एक तास मला जास्त मोलाचा वाटतो.

‘जाता आलं नाही म्हणजे सगळं हुकलं’

मुळीच नाही. पास, विमान, हॉटेल आणि वर मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत बी-१ व्हिसाच्या मुलाखतीसाठीची ताटकळ, हे प्रत्येक ऑफिसला परवडणारं नाही. पाच-सहा जणांच्या ऑफिसने एखाद्या वर्षी तो खर्च न करता चांगल्या संगणकांवर केला, तर मी त्यांना शहाणंच म्हणेन. दर शनिवारी तासभर काम थांबवायचं, एयूचं एकच रेकॉर्डिंग निवडायचं, टिपणाची प्रत प्रत्येकाला द्यायची, आणि व्हिडिओ थांबवत-थांबवत तीच पायरी चालू प्रकल्पाच्या कॉपीवर करून पाहायची. एकाने काय जमलं आणि काय फसलं ते लिहून ठेवायचं, आणि जमलेली गोष्ट सोमवारी ऑफिसच्या टेम्प्लेटमध्ये घालायची. परिषदेला जाऊन आलेल्या माणसानेही हेच करायला हवं, आणि परतल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, कारण त्यानंतर सबमिशनच्या तारखा येतात आणि वही कपाटात जाते.