कर्ण जुळले, तर काम जुळले

संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे छोटे सीएनसी राउटर यंत्र आता घरच्या टेबलावर जुळवता येते. ‘३०१८’ या नावाने मिळणाऱ्या संचात ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, आटेदार दांडे, स्टेपर मोटरी व नियंत्रक बोर्ड असतो. नावातील आकडे ३० बाय १८ सेंटिमीटरचे कार्यक्षेत्र दर्शवतात.

खरी कसोटी चौकटीची. स्क्रू प्रथम सैलच ठेवावेत. समोरासमोरच्या बाजू समान असून दोन्ही कर्णही समान भरले, म्हणजे कोपरे काटकोनात आले. मगच स्क्रू आवळावेत. येथे घाई झाली, तर पुढे कोरलेला प्रत्येक चौरस तिरपा उतरतो.

त्यानंतर मापाची पडताळणी. यंत्रास १०० मिलिमीटर सरकण्याची आज्ञा द्यावी. पट्टीवर ९८च भरले, तर आधी सांधे सैल नाहीत ना हे पाहावे. मग प्रतिमिलिमीटर पावलांची संख्या त्याच प्रमाणात वाढवावी, म्हणजे ८०० असल्यास सुमारे ८१६ करावी. यंत्र चालवताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि भुशापासून बचावासाठी मास्क हवाच.

आरंभीची शिल्लक चुकली की वर्षअखेरीचा ताळेबंद जुळत नाही, हे पेढीवर वाढलेल्या मुलांना वेगळे सांगावे लागत नाही. यंत्राची चौकट तोच धडा त्यांच्या हातांना देते.