दक्षिण कोरियातील विद्यार्थी-शिकवणी
दक्षिण कोरियात महाविद्यालयीन शिक्षण घेत असताना शालेय मुलांच्या खासगी शिकवण्या घेऊन खर्च भागवण्याची प्रथा जुनी आहे. अशा शिकवणीस कोरियन भाषेत 'ग्वावे' म्हणतात. विद्यापीठ प्रवेशपरीक्षा अत्यंत चुरशीची असल्याने ती नुकतीच उत्तीर्ण झालेल्या, विशेषतः सोल राष्ट्रीय विद्यापीठासारख्या नामांकित संस्थेतील विद्यार्थ्यास पालकांकडून मोठी मागणी असते.

३० जुलै १९८० रोजी जाहीर झालेल्या शैक्षणिक सुधारणांत लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवर बंदी घातली. शिक्षणातील श्रीमंत-गरीब दरी कमी करणे, हा तिचा घोषित हेतू होता. प्रत्यक्षात शिकवणीच्या कमाईवर शुल्क व खोलीभाडे भरणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांचाच आधार तुटला. शिकवण्या थांबल्या नाहीत, त्या चोरून होऊ लागल्या. या कामास 'मोल्लेबाइट' हे नाव पडले. 'मोल्ले' म्हणजे गुपचूप. उरलेला भाग 'काम' या अर्थाच्या 'आर्बाइट' या जर्मन शब्दाचा अवशेष आहे. पकडले जाण्याची जोखीम शुल्कात धरली जाई, त्यामुळे चोरटी शिकवणी सधन कुटुंबांनाच परवडे.

१९८९ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शिकवणीची मुभा मिळाली. उर्वरित बंदी संविधान न्यायालयाने २७ एप्रिल २००० रोजी घटनाबाह्य ठरवली.