उसाच्या फडातील मूत्रपिंडविकार

निकाराग्वातील चिचिगाल्पाच्या परिसरात, जळक्या उसाच्या काजळीने माखून भर उन्हात कोयता चालवणाऱ्या ऐन तारुण्यातील मजुरांची मूत्रपिंडे, मधुमेह वा रक्तदाब यांचा पूर्वेतिहास नसतानाही, निकामी होत आली आहेत. घामावाटे पाणी व क्षार निघून गेले, की मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह क्षीण होतो, आणि अतिश्रमाने झिजलेल्या स्नायूंतील द्रव्ये गाळण्याचा भारही त्याच वेळी त्याच्यावर पडतो. हा आघात हंगामभर रोज होत राहिला, म्हणजे सूक्ष्म नलिकांभोवतीच्या ऊतींत कायमचे व्रण पडत जातात. कीटकनाशकांवरही संशय आहे; परंतु उष्णतेचा पुरावा मला अधिक सबळ वाटतो. तेथे एका कारखान्याने फडात सावलीचे तंबू, पाणी आणि सक्तीची विश्रांती यांची तजवीज केली, तेव्हा मूत्रपिंडांची हानी घटली. मात्र मजुरी तोडलेल्या टनांवर मिळते, तोवर विश्रांतीच्या वेळेचाही मोबदला कारखान्याच्या दफ्तरात नोंदला गेलाच पाहिजे.