फ्रीस्टाइल स्कूटरिंग
फ्रीस्टाइल स्कूटरिंग हा पायाने रेटत चालवायच्या दुचाकी स्कूटरवर कसरती करण्याचा क्रीडाप्रकार आहे. इंजिनाच्या स्कूटरशी त्याचा संबंध नाही. स्विस उद्योजक विम आउबोटर यांची घडीची स्कूटर २००० च्या सुमारास ‘रेझर’ या नावाने अमेरिकेत लोकप्रिय झाली. ती होती जवळच्या अंतरासाठी. मुलांनी ती स्केटपार्कच्या उतारांवर नेली. उड्यांच्या आघाताने घडीचा सांधा मोडत असे. स्वारांनी तो वेल्डिंगने पक्का केला, मजबूत भाग स्वतः घडवले. काहींचे त्यातून व्यवसायही उभे राहिले. ‘टेलव्हिप’ या कसरतीत हवेत असताना फळी दांड्याभोवती फिरवून पुन्हा पायांखाली घेतात. वेळ चुकली की ती घोट्यावर आदळते. तरीही अनेक स्केटबोर्डपटूंनी या खेळाला पोरखेळच मानले. त्यातूनच पुढे आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या रायन विल्यम्स यांनी नंतर बीएमएक्स सायकलवर एक्स गेम्सचे सुवर्णपदक मिळवले.