लाइटनिंगच्या वाटेने : ४८३ जागांची कोंडी

एका वाचकाचा प्रश्न आला आणि तो थेट माझ्या लाडक्या आकड्यापाशी घेऊन गेला. ते विचारतात, ‘एचटीएलसीमुळे मधल्या नोडला पैसे लाटता येत नाहीत, हे पटलं. पण ज्याला चोरी करायचीच नाही, नुसता खोडा घालायचाय, त्याचं काय?’

नेमकी तिथेच बिटकॉइनवर उभ्या लाइटनिंग जाळ्याची दुखरी नस आहे.

तो आकडा म्हणजे ४८३. दोन नोडमधल्या एका चॅनेलमध्ये एका दिशेने एका वेळी जास्तीत जास्त इतकीच एचटीएलसी, म्हणजे घेणाऱ्याने मुदतीत गुपित उघड केलं तरच पुरी होणारी पेमेंट, लटकलेली राहू शकतात. ही मर्यादा मनाला येईल तशी ठरवलेली नाही. समोरच्याने जुना हिशेब बिटकॉइनच्या साखळीवर टाकून लबाडी केली, तर दोन्ही बाजूंची मिळून ९६६ एचटीएलसी एकाच दंड-व्यवहारात ताब्यात घेता आली पाहिजेत. शिवाय त्यांच्या सगळ्या सह्या ६५,५३५ बाइटांच्या एका संदेशात मावायला हव्यात. एक सही ६४ बाइटांची. गुणाकार करून बघा, कसंबसं बसतं.

म्हणून चॅनेलमध्ये अख्खा बिटकॉइन असला, तरी चिल्लर रकमेची ४८३ पेमेंट अडकवली की ती दिशा ठप्प. हल्लेखोर पैसे स्वतःलाच पाठवतो, दोन्ही टोकं त्याचीच. पेमेंट पोचतं, पण घेणारा गुपित उघड न करता बसून राहतो. मुदत २०१६ ब्लॉकपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे ताणता येते. मग शेवटी नकार. फी पेमेंट यशस्वी झालं तरच लागते, त्यामुळे खर्च जवळपास शून्य. वर मार्गही पाठवणाराच आखतो. वीसेक टप्प्यांचा मार्ग एकाच चॅनेलवरून पुन्हा पुन्हा ये-जा करवला, की एकच पेमेंट कितीतरी जागा अडवतं. लाइटनिंगचे विकासक रस्टी रसेल यांनी या घिरट्यांकडे २०१५ मध्येच, जाळं उभं राहण्याआधी, बोट दाखवलं होतं.

यात कुणाचा फायदा? शेजारच्या स्पर्धक नोडचा. तुमची वाट तुंबली की वाहतूक आणि फी त्याच्याकडे वळते. आणि कांदा-मार्गामुळे (ऑनियन राउटिंग) मधल्या नोडला फक्त मागचा आणि पुढचा शेजारी दिसतो. पाठवणारा कोण, ते कळतच नाही. शेजाऱ्याला हाकललं, तर बहुधा निरपराधच बाहेर जाईल.

मंगल कार्यालयवाले विसार घेतल्याशिवाय तारीख धरून ठेवत नाहीत, तोच मार्ग इथेही सुचवला गेला. पेमेंट होवो न होवो, प्रत्येक प्रयत्नाला नाममात्र फी. पण यात एक गोम आहे. काही सेकंदांत फसणाऱ्या पेमेंटचा भडिमार करणाऱ्याला ही फी जड जाते. मोजकीच पेमेंट पाठवून ती दोन आठवडे दाबून ठेवणाऱ्याला मात्र ती किरकोळ वाटते. म्हणून क्लारा शिखेलमन आणि सर्गेई तिखोमिरोव या संशोधकांनी २०२२ मध्ये फीला पत-नोंदीची जोड सुचवली. शेजाऱ्याने किती फी मिळवून दिली आणि जागा किती वेळ अडवल्या, याची नोंद प्रत्येक नोडने स्वतःपुरती ठेवायची. पत असलेल्याच्या पेमेंटला सगळ्या जागा खुल्या, बाकीच्यांना ठरावीक वाटा. कोंडी झालीच, तर ती त्या वाट्यापुरती राहते. याचा भुर्दंड नवख्या नोडला बसतो, हे खरं.

फसलेल्या पेमेंटचे पैसे घेणं अनेकांना अन्याय वाटतं. मार्गातल्या चॅनेलमध्ये शिल्लक किती, हे पाठवणाऱ्याला आधी कळत नाही, त्यामुळे प्रामाणिक माणसाचेही प्रयत्न फसतात. तरी माझं मत विसाराच्याच बाजूने आहे. जागा मोजक्या आणि त्या अडवणं फुकट, हे दोन्ही एकाच जाळ्यात फार काळ नांदणार नाही.