शस्त्रक्रिया गळ्याची, सूज गुडघ्याला

आपल्या गळ्यात, अवटू ग्रंथीच्या मागे, तांदळाच्या दाण्याएवढ्या बहुधा चार परावटू ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखणे हे त्यांचे काम. त्यांपैकी एखादी वाढून अधिक स्राव सोडू लागली, की हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरते. हाडे ठिसूळ होतात, मूतखडे होतात. अशी ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया १९२५ साली व्हिएन्ना येथे फेलिक्स मांडल यांनी केली. आज रोगी बहुधा एकदोन दिवसांत घरी परततो.

अडचण उद्भवते ती त्यानंतर. नागपुरास शस्त्रक्रिया करवून यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या गावी आलेल्या एखाद्याचा गुडघा वा मनगट दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास एकाएकी सुजते, तापते, हात लावू देत नाही. केळापूर, झरी-जामणी या भागांत भूजलातील फ्लोराइडमुळे सांधे आखडणे लोकांच्या परिचयाचे आहे. साहजिकच दोष पाण्याला, वयाला, नाही तर शस्त्रक्रियेला दिला जातो. परंतु फ्लोराइडचे दुखणे वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. हे एका रात्रीत येते.

याचे कारण काय? रक्तात कॅल्शियम दीर्घकाळ अधिक राहिले, की सांध्यांच्या कूर्चेत त्याचे सूक्ष्म स्फटिक साचतात. ग्रंथी काढताच रक्तातील कॅल्शियम झपाट्याने उतरते. स्फटिक थोडे विरघळून सैल होतात व सांध्यातील द्रवात सुटतात. त्यांवर पांढऱ्या पेशी तुटून पडतात, आणि सांधा पेटतो. अमेरिकेतील डॅनियल मॅकार्टी व सहकाऱ्यांनी १९६२ साली या स्फटिकांच्या विकाराला ‘स्यूडोगाउट’, म्हणजे गाउटचे सोंग, असे नाव दिले.

तेव्हा ही सूज म्हणजे शस्त्रक्रिया फसल्याची खूण नव्हे. तथापि सांध्यात पू झाला असताही तो असाच दिसतो, आणि त्यात दिरंगाई झाली तर सांधा कायमचा जातो. म्हणून सुईने द्रव काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आणि रक्तातील कॅल्शियम मोजणे अगत्याचे. निदान झाल्यावर विश्रांती, बर्फाचा शेक व औषध यांनी बहुधा काही दिवसांत आराम पडतो. मात्र अशा रोग्याचे मूत्रपिंड आधीच दुबळे असू शकते. दुकानातून वेदनाशामक गोळ्या मनाने आणून घेऊ नयेत.

आम्ही श्रोत्यांस एवढेच सुचवू: शस्त्रक्रियेनंतर सांधा सुजला, ओठांभोवती वा बोटांत मुंग्या आल्या, गोळे आले, तर चोळत बसू नका. शस्त्रक्रियेचा कागद घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि ‘गळ्यातली ग्रंथी काढली आहे’ हे डॉक्टरांना आधी सांगा.